तुरट फाल्गुन

फाल्गुनाचा वास वहीत उतरवता येत नाही, हे मी रसायनशास्त्राची पदवी हाती आल्यानंतर पहिल्यांदा मान्य केले. त्यापूर्वी माझी समजूत साधी होती. वास आहे तेथे पदार्थ आहे, पदार्थ आहे तेथे सूत्र आहे, आणि सूत्र आहे ते वहीत मावते. मुरबाडच्या बाजूला फाल्गुनात ही समजूत टिकत नाही. तेथे भाताच्या राबासाठी भाजलेल्या जमिनीची ऊन राख असते, करवंदीच्या फुलांचा पांढरा, हलका सुगंध असतो, आणि त्या दोहोंच्या मधून मोहाच्या फुलांचा गोड, आंबूस, किंचित उग्र दरवळ असा चालत येतो की वाऱ्याची दिशा पाहण्यासाठी वर बघावे लागत नाही. यांतले एक कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते हे सांगणारे उपकरण माझ्या पाहण्यात नाही. पळस तेवढा प्रामाणिक. तो नुसता दिसतो; वासाच्या भानगडीत पडत नाही.

यंदाही फाल्गुन लागला आणि मला तो एक फाल्गुन आठवू लागला. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दोन वर्षे आधीचा. आपले एखादे ठाम, आकड्यांनी सिद्ध केलेले मत सपशेल चुकावे आणि तरीही आनंद व्हावा, असे ऋतू माणसाच्या वाट्याला फार येत नाहीत. माझ्या वाट्याला तो एक आला, आणि तोही एका फ्रेंच वाइनमुळे. हे वाक्य मी मुद्दाम असे उघडे लिहिते आहे. आमच्या घरात ते अजूनही कोणी मोठ्याने उच्चारत नाही.

आमचे घर शहापूरचे. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, होरमसजी शेठांचे दिवाणजी होते. शेठ पारशी, साठी ओलांडलेले, एकटे राहणारे. जंगलातला हिरडा गोळा करून तो मुंबईच्या कातडी कमावणाऱ्या कारखान्यांना पाठवण्याचा त्यांचा व्यवसाय होता. राहते घर शहापुरात, वखार मुरबाडात. हंगाम लागला की शेठ वखारीशेजारच्या कौलारू बंगल्यात मुक्कामाला जात, शेठांबरोबर नाना जात, आणि नानांबरोबर आई व मी. धसईच्या बाजारातून आणि सिद्धगडाखालच्या पाड्यांवरून गोण्या भरभरून हिरडा येई. वखारीच्या अंगणात दहा-बारा बाया ओळीने बसून तो निवडत. कोवळा बाळहिरडा एका बाजूला, पिकलेला दुसऱ्या बाजूला, किडका तिसऱ्या.

शेठांची खरी कीर्ती मात्र हिरड्याची नव्हती, नाकाची होती. त्यांचा भाचा रुस्तम याचे मुंबईत, कोट भागात, विलायती वाइनचे दुकान होते. दर वर्षी बोर्डो प्रांतातल्या द्राक्षमळ्यांकडून नव्या सालाच्या तांबड्या वाइनचे नमुने बोटीने येत, आणि कोणत्या मळ्याचा माल मागवायचा याचा निर्णय रुस्तम स्वतः घेत नसे. तो नमुने मामाकडे पाठवी. मुरबाडच्या एका वखारीत, हिरड्याच्या धुळीत, फ्रान्सच्या एका मळ्याचे नशीब ठरत असे, हे त्या मळ्याच्या मालकाला कधी कळले असेल असे मला वाटत नाही.

त्या हिवाळ्यात मी बी.एस्सी. होऊन घरी परतले होते. मला एम.एस्सी. करायचे होते. नाना म्हणत होते की शिक्षण झाले, ते उत्तम झाले, आणि उत्तम झालेली गोष्ट तेथेच थांबवावी. ते कधी रागावत नसत, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालणे अशक्य होते. अशा स्थितीत एका सकाळी बंगल्याच्या स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन करपले. धूर पडवीपर्यंत आला. मी धावत आत गेले, पातेले उतरवले, आणि परत येताना पाहिले तर शेठ दारालगतच्या खुर्चीवर निवांत वर्तमानपत्र वाचत बसलेले. धुराकडे त्यांची पाठ होती. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग धुराकडे पाहिले, आणि वर्तमानपत्राची नीट घडी घातली.

आदल्या वर्षीच्या इन्फ्लुएंझात त्यांचा वास गेला होता. पूर्ण गेला होता. कोणालाही सांगितले नव्हते. रुस्तमचे नमुने येत्या आठवड्यात यायचे होते. त्यानंतर चौथ्या दिवशी तो स्वतः निकाल न्यायला येणार होता. रुस्तमच्या दुकानाशेजारी वाइनच्या एका इंग्रज परीक्षकाने कचेरी थाटली होती, आणि या वेळी निकाल चुकला तर पुढे नमुने मुरबाडला येणार नाहीत, हे शेठ ओळखून होते. त्यांनी माझ्यापुढे सरळ सौदा मांडला. नाक माझे, नाव त्यांचे. आणि निकाल बरोबर ठरला तर ते नानांशी एम.एस्सी.विषयी बोलतील.

"तू सायन्सवाली हाय ना, डिकरी," ते म्हणाले, "मग तुझा नाक पन सायन्सवाला असेल."

नाना शेठांचा शब्द टाळत नसत. मी हो म्हटले.

आईची परवानगी मिळवणे हा स्वतंत्र प्रयोग होता. परीक्षक वाइन पीत नाही, तोंडात फिरवून थुंकतो, हे मी तिला समजावून सांगितले. तिने सांगितले की समजावणे पुरे, दाखव. म्हणून मी कॉलेजातून आणलेले मोजपात्र काढले. तोंडात घ्यायची वाइन, शेठांकडच्या एका जुन्या बाटलीतली, आधी मोजली, पितळेच्या पिकदाणीत थुंकलेली नंतर मोजली. लाळेमुळे दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा आला. आईने दोन्ही रेघांवर बोट ठेवून पाहिले आणि तिचे समाधान झाले. घेतली त्याहून जास्त बाहेर टाकली, म्हणजे मुलगी वळणाची आहे. विज्ञानाने माझी बाजू इतक्या सोयीस्करपणे नंतर कधी घेतली नाही.

नमुने आले. दोन मळ्यांचे, एकाच सालचे. प्रत्येकी तीन बाटल्या. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या काढून मी त्यांना एक नंबर आणि दोन नंबर अशी नावे दिली. उन्हाने वाइन बिघडू नये म्हणून बाटल्या रांजणाशेजारी ओल्या वाळूत पुरल्या, आणि पारख सकाळी, सूर्य वखारीच्या पत्र्यावर येण्यापूर्वी करायची असे ठरले. शेठांचे नियम कडक होते. त्या दिवशी घरात कांदा चिरायचा नाही, फोडणी नाही, अगरबत्ती नाही. आईने पूजेची उदबत्ती तीन दिवस बंद ठेवली आणि देवापाशी परस्पर काही ठरवून टाकले असावे. काय, ते तिने मला सांगितले नाही.

त्या तीन सकाळी मी विसरणार नाही. पांढरे मेजपोस, दोन पातळ प्याले, तिरप्या उजेडात पेटल्यासारखा दिसणारा तो रंग: एकाचा माणकासारखा, दुसऱ्याचा जवळजवळ शाईसारखा, काठाला जांभळी झाक. शेठांच्या जुन्या वह्यांत इंग्रजी शब्द होते. अमुक बेरी, तमुक फूल, सिडारचे लाकूड. यांतले काहीही मी कधी हुंगलेले नव्हते, आणि जे पाहिले नाही त्याची नोंद करायची नाही, हा प्रयोगशाळेचा पहिला धडा. मी ते शब्द वापरायला नकार दिला. मग आम्ही नवे शब्द केले. करवंदाच्या जाळीत हात घालताना देठाचा चीक बोटाला लागतो, तो वास. कात फोडल्यावर येतो तो. नवीन पेन्सिल तासल्यावर येतो तो. पाऊस येऊन गेलेल्या राबाच्या राखेचा. आणि अगदी शेवटी, प्याला रिकामा झाल्यावर, पळसाच्या पानावर वाढलेल्या गरम भाताचा.

मी डोळे मिटून एकेक सांगत असे, आणि शेठ समोर बसून ऐकत. कोणत्या जाळीतली करवंदे, डोंगरावरची की ओढ्याकाठची, असे ते विचारीत. राख ताजी की रात्रभर थंड झालेली, तेही. मी पुन्हा हुंगून नेमके उत्तर देई. तेव्हा त्यांची मान हळूहळू हलू लागे, आणि माझ्या लक्षात येई की त्यांना तो वास येतो आहे. नाकाने नव्हे, चाळीस वर्षे या रानात हिंडल्याच्या आठवणीने. प्याला ते केवळ नाकापर्यंत नेत आणि खाली ठेवत. घोट घेत नसत. आजारानंतर सारे काही कोमट पाण्यासारखे लागते, म्हणाले, मग कशाला स्वतःला चिडवून घ्यायचे.

वास दोन्हींचे चांगले होते. प्रश्न तोंडात उपस्थित झाला. एक नंबर मऊ, गोलसर, जिभेवरून सायीसारखी सरकणारी. दोन नंबर तोंडात घेताच गाल आत ओढले गेले. जीभ टाळूला चिकटली. ती थुंकून टाकल्यावरही दातांवर कोणी तरी खडू घासल्यासारखे वाटत राहिले. मी शास्त्रीय पद्धतीने पुढे गेले. दोन्हींचे थोडे थोडे नमुने घेऊन त्यांत लोहक्षाराचे थेंब टाकले. एक नंबर करडी झाली. दोन नंबर झटक्यात काळीनिळी. नाना शेजारून जात होते. ते थबकले आणि म्हणाले की यात बोरू बुडवून लिहिता येईल. त्यांचे बरोबर होते. हिरडा आणि हिराकस हा लोहक्षार यांची शाई जशी होते, तशीच ही रासायनिक क्रिया. कारण वाइनमध्ये आणि हिरड्यात तेच टॅनिन, तुरटपणाचे द्रव्य. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तक्त्यात स्वच्छ अक्षरांत लिहिले: क्रमांक दोन, टॅनिन अतिरिक्त, सदोष. क्रमांक एक, निर्दोष, शिफारसपात्र. शेठांनी तो तक्ता पाठ केला. मी समाधानाने झोपले.

येथे थोडे थांबून एक कबुली द्यायला हवी. शाळेत आम्हांला सहा रस शिकवले होते: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. कॉलेजातल्या पुस्तकात चारच होते. तिखट आणि तुरट यांना तेथे जागा नव्हती. तिखट ही वेदना आणि तुरट हा केवळ स्पर्श, असे आमच्या प्राध्यापकांनी सांगितले; तुरट पदार्थ तोंडाच्या कातडीला आकसवतो, बस्स. मला ते फार आवडले होते. सहांतून दोन वजा करून मी मनाने आधुनिक झाले होते. तुरट म्हणजे चव नसून चवीतला अडथळा, असे काहीतरी मी त्यातून स्वतःच काढले होते, आणि हा शोध कोणत्याही पुस्तकात नव्हता, याकडे माझे लक्ष गेले नव्हते.

तिसऱ्या सकाळी पारख आटोपून मी पडवीत तोंड धूत होते, तेव्हा हिरडा निवडणाऱ्या बायांपैकी बुधीबाय अंगणातून उठून माझ्याकडे आली. सिद्धगडाखालच्या पाड्यावरची ही म्हातारी. निवडीत तिचा हात सर्वांत खात्रीचा. संशय आला की ती हिरडा पुढच्या दातांनी किंचित चावे, जीभ दातांच्या हिरड्यांवरून फिरवी आणि मग तो कोणत्या ढिगात टाकायचा ते ठरवी. तिने आजूबाजूला पाहिले, पदराच्या गाठीतून चार बाळहिरडे काढून माझ्या हातावर ठेवले आणि हळूच विचारले,

"कवापास्नं रगत पडतंय गो बाय?"

मला उलगडा व्हायला क्षणभर लागला. तीन दिवस अंगणातल्या सगळ्या बाया मला रोज सकाळी पिकदाणीत लाल थुंकताना पाहत होत्या. दिवाणजींच्या शिकलेल्या पोरीला क्षय झाला आहे, घरच्यांनी लपवून ठेवले आहे, म्हणून तिला शहापुराहून रानातल्या हवेत आणले आहे, इथपर्यंत त्यांची खात्री पटली होती. एकीने तर माझ्यासाठी डोंगरावरच्या देवीला कोंबडा बोललाही होता. मी इतकी हसले की आई बाहेर आली. मग बुधीबायला खरी गोष्ट सांगितली: हे रक्त नव्हे, द्राक्षांचा आंबवलेला रस आहे, आणि मी तो पारखते आहे. ती हसली नाही. पारखणे हे तिचे काम होते. तिला त्यात विनोद दिसला नाही. तिने फक्त विचारले की पारखतेस तर थुकतेस कशाला, आणि मग स्वतःच म्हणाली, "हां. आमीबी हिरडा गिलत नाय."

मला काय सुचले कोण जाणे. मी पळसाच्या पानांचे दोन द्रोण घेतले, एकात एक नंबर ओतली, दुसऱ्यात दोन नंबर, आणि तिच्यापुढे ठेवले. तिने पहिला घोट तोंडात फिरवला आणि बाजूला थुंकला. दुसरा घेतला. तिची जीभ हिरड्यांवरून डावीकडून उजवीकडे गेली, पुन्हा उलटी आली. 

"ह्यो पैला पिकल्याला हाय," ती म्हणाली. "ग्वाड हाय, पन झाला त्येचा. फुडं काय नाय त्याला. ह्यो दुसरा बालहिरडा. धरतंय बघ कसा हिरड्यांना. धरतंय त्यातच जीव असतंय गो."

आणि उठून आपल्या ढिगाकडे गेली. जाताना चारांतले तीन हिरडे परत नेले. रोग नसेल तर औषध कशाला वाया घालवायचे.

मी तेथेच बसून राहिले. समोर वखारीत छपरापर्यंत गोण्या रचलेल्या होत्या. हा सगळा हिरडा कशासाठी जातो? कातडे कमावण्यासाठी. कच्चे कातडे चार दिवसांत सडते. हिरड्याच्या पाण्यातून निघालेले वर्षानुवर्षे टिकते. सडण्याला थोपवून धरते ते टॅनिन. हे मला ठाऊक होते. परीक्षेत या प्रश्नाचे उत्तर मी उत्तम लिहिले होते. आणि तरीही माल आज रात्रीच्या जेवणासाठी मागवायचा असल्यासारखा मी निकाल दिला होता; तो तर तळघरात दहा वर्षे पडून राहण्यासाठी मागवायचा होता. माझे मापन बिनचूक होते. प्रश्न चुकीचा विचारला गेला होता.

तर्क पुरेसा नसतो, पुरावा हवा. मी दोन्ही वाइनचे प्याले भरून, वर पातळ फडके बांधून, खिडकीत उघडे ठेवले. मुरबाडच्या त्या उकाड्यात एक दिवस आणि एक रात्र म्हणजे तळघरातली काही वर्षे, असा माझा हिशेब. तो काटेकोर नव्हता, हे आज मान्य करते. पण त्याने काम केले. चौथ्या दिवशी पहाटे फडके सोडले तेव्हा एक नंबर शिरक्याकडे झुकली होती. शिळ्या जांभळाच्या रसासारखी तिची कळा गेली होती. दोन नंबर मात्र आदल्या दिवशी जी मुठी आवळून बसली होती, ती आता एकेक बोट उघडत होती. करवंद, कात, राख, आणि त्यांच्या मागून मोहाचा असा एक धागा, जो तीन दिवसांत मला सापडला नव्हता.

त्या वाइनचे पुढे काय झाले हे येथेच सांगते, कारण मला ते शेवटी सांगायचे नाही. लढाई आली, फ्रान्सहून बाटल्या येणे बंद झाले. लढाई संपल्यावर रुस्तमने शेवटच्या शिल्लक बाटल्यांतली एक मला पाठवली. तुरटपणा गेला नव्हता. तो घरात आला होता, वडीलधाऱ्या माणसासारखा एका बाजूला शांत बसला होता, आणि त्याच्या धाकाने बाकी सगळे वास आपापल्या जागी नीट होते. मी ती थुंकले नाही. आईला मोजपात्र दाखवायचे आता वय राहिले नव्हते.

परंतु त्या सकाळी मला एवढेच ठाऊक होते की शेठांनी चुकीचा तक्ता पाठ केला आहे. मी धावत पडवीत गेले. रुस्तम आधीच आलेला होता. कल्याणहून पहिल्या मोटारीने येऊन, कोटावरची धूळ झटकून तो मामासमोर बसला होता. कोपऱ्यात बैठकीवर नाना वखारीची रोजनिशी लिहीत होते. ती त्यांची स्वतःची शिस्त होती. दिवसभरात जे घडले आणि जे ठरले, ते शेठ सांगतील तसे रोज लिहायचे; आणि लिहिले गेले ते पाळायचे. शेठ एक नंबरची स्तुती सुरू करण्याच्या बेतात होते. मी मध्येच म्हटले की तक्ता बदलला आहे. निकाल दोन नंबर.

रुस्तम माझ्याकडे वळला. तक्ता कोणाचा, मामांचा की माझा, असे त्याने विचारले. माझा म्हणावे तर शेठांचे गुपित फुटते. त्यांचा म्हणावे तर खोटे होते. मी म्हणाले की चूक माझी आहे, आणि ती का चूक आहे ते सांगू लागले. कातडे, टॅनिन, उघडे प्याले. ही चूक कोणी दाखवली, असे त्याने विचारले तेव्हा मी अंगणात बोट दाखवले. बुधीबाय हिरडा चावत होती. रुस्तम मोठ्याने हसला. आता बोर्डोची पारख हिरडेवाल्या बाया करणार म्हणजे कोटातल्या साहेबाने दुकान बंद करायला हरकत नाही, असे काहीसे तो बोलला.

शेठ हसले नाहीत. "रुस्तम," ते म्हणाले, "माझा नाक गेला. वरस झाला. ही पोरगी माझ्यासाठी हुंगते."

 नानांचा बोरू थांबला. रुस्तमने मान खाली घातली आणि हळू आवाजात सांगितले की त्याला ते माहीत होते. गेल्या वर्षी मामांनी ज्या नमुन्याचा वास वर्णन करून दोन पाने लिहिली होती, त्याच्या सगळ्याच बाटल्या बुचे सैल झाल्याने आंबून गेल्या होत्या. दुकानात उरलेली दुसरी उघडली तेव्हा त्याच्या लक्षात आले. पण नमुने पाठवणे बंद केले असते तर आपल्याला कळले आहे हे मामांना कळले असते. म्हणून त्याने यंदाही पाठवले. ही शेवटची खेप, मग साहेबाकडे जायचे, असे त्याने ठरवले होते.

शेठांनी मेजपोसावर रुस्तमसाठी भरून ठेवलेले दोन्ही प्याले पुढे ओढले. मग त्यांनी दोन नंबरचा प्याला उचलला. नाकाशी नेला नाही. सरळ ओठांना लावला आणि वर्षभरात पहिल्यांदा घोट घेतला. मी पाहत होते. त्यांचे गाल आत ओढले गेले. जीभ हिरड्यांवरून फिरली, थांबली, पुन्हा फिरली. त्यांचे डोळे मोठे झाले.

"पकडते," ते म्हणाले. "साला, पकडते."

त्यांनी घाईने एक नंबरचा घोट घेतला, मान हलवली. पुन्हा दोन नंबर, पुन्हा डोळे मोठे. लहान मूल दोन मुठींतल्या कोणत्या मुठीत गोळी आहे हे ओळखते, तसे ते आळीपाळीने करू लागले, आणि प्रत्येक वेळी ओळखत होते. तेव्हा कॉलेजातले ते पान मला पुन्हा, अगदी निराळ्या उजेडात, दिसले. तुरट हा स्पर्श. इन्फ्लुएंझाने नाक नेले होते, नाकाबरोबर चवीही नेल्या होत्या. हिरड्या नेल्या नव्हत्या. मी शेठांना ते सांगितले. एवढे तुमचे तुमच्याकडेच आहे, मी म्हटले, आणि ते कोणत्याही साहेबाइतकेच चांगले आहे.

शेठांनी रुस्तमला सांगितले की पुढल्या वर्षीपासून पारख अशी होईल: नाकाचे ही सांगेल, तोंडाचे ते स्वतः, आणि मतभेद झाला तर अंगणात विचारायचे. रुस्तमने वाकून मामांचा हात दोन्ही हातांत धरला. साहेबाचे नाव पुन्हा निघाले नाही.

मग शेठ नानांकडे वळले. रोजनिशीत लिहा, म्हणाले, आणि एकेक वाक्य सांगू लागले. आज बोर्डोचा दोन नंबर ठरला. पारख शेठ, दिवाणजींची कन्या आणि बुधीबाय यांनी केली. नाना वळणदार अक्षरात लिहीत होते. पुढल्या वर्षी नमुने फाल्गुनातच यावेत. नानांनी लिहिले. त्याच सुरात, श्वास न घेता, शेठांनी पुढले वाक्य सांगितले.

"कारन की दिवाणजींची कन्या जूनपासून एम.एस्सी.साठी मुंबईला राहील आणि फकत होळीच्या सुट्टीत येईल."

बोरू कागदाच्या वर थांबला. टोकाला शाईचा थेंब जमू लागला. मी नानांच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे धाडस केले नाही. मी त्या थेंबाकडे पाहत राहिले. अंगणात हिरडे टोपलीत पडल्याचा टक् टक् आवाज येत होता.

नानांनी बोरू दौतीच्या काठाला टेकवून थेंब टिपला.

"रोजनिशीत 'मुंबईला' बरं दिसत नाही," ते म्हणाले. "'मुंबईस' लिहितो."

आणि त्यांनी लिहिले.